हळद आणि साक्ष

फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात होते. पलीकडून माणिकअण्णांची सून बोलत होती. अण्णा सकाळी शेतात गेले, बांधावर टेकले आणि बसल्या जागीच गेले, एवढंच तिला सांगता आलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की या माणसावरचा राग कधीच गेला होता, पण तसं त्यांना सांगायचं राहिलं...

कालव्याच्या अलीकडे अण्णांचं गाव, पलीकडे आमचा तांडा. दोन्हीकडची वीस घरं धरून अण्णांनी हळदवाल्यांचा गट उभा केला आणि हळद शिजवायचा कुकर आणला. त्याआधी भाड्याचा कुकर यायचा, गावातली सगळी हळद उरकल्यावर तांड्याची पाळी यायची; गटात मात्र ज्याची हळद आधी निघेल त्याची आधी शिजायची. मी बारावी शिकलेली, म्हणून गटाचे ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिलेलं अण्णा मोठ्यानं वाचून घ्यायचे. एखाद्या भांडणावर मी गोड शब्दांचं पांघरूण घातलेलं दिसलं की म्हणायचे, "सुमनबाई, झालं तसं लिवा."

सहा वर्षांपूर्वी, हळद काढणीच्या दिवसांत, कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या पाण्यावरून काठ्या निघाल्या. माझ्या नवऱ्याच्या काठीनं अण्णांच्या धाकट्या भावाचा, नारायणभाऊंचा हात मोडला. गावातल्यांनी तांड्याच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या. पोलिसांनी आमच्याकडचे सात जण नेले, त्यात माझा नवराही होता. येणंजाणं बंद झालं, गिरणीवाला आमचं दळण घेईना. आणि माझ्या अंगणात काढलेल्या हळदीचा ढीग पडलेला. काढलेली हळद वेळेत शिजली नाही तर आतून तापते, सडायला लागते. कुकर गावात होता.

पाचव्या दिवशी सकाळी टोपल्यात हळदीचे गड्डे घेऊन मी एकटीच कालव्यावरचा पूल ओलांडला. अण्णांच्या ओसरीवर नारायणभाऊ बसले होते, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. माझ्याकडे बघून त्यांनी मान फिरवली. अण्णा आतून आले. त्यांनी एक गड्डा मोडून नाकाशी धरला आणि ट्रॅक्टरची चावी घेतली. नारायणभाऊ वाटेत उभे राहिले.

"माझ्या हाताचं काय?"

"हात कुणी मोडला ते म्या डोळ्यानं पाह्यलं. कोर्टात सांगतो," अण्णा म्हणाले. "पण हळदीनं तुला मारलं न्हाई."

कुकर तांड्यावर आला. येताना गावातल्या कुणीतरी ट्रॅक्टरवर दगड मारला, दिव्याची काच फुटली. अण्णांनी तीन दिवस आमची हळद शिजवली. वाफेत उभे राहून काडी टोचून बघायचे, मऊ लागली की उतरवायला सांगायचे. त्या तीन दिवसांत तांड्यानं त्यांना आपलं मानलं.

दीड वर्षानं ते कोर्टात साक्षीला उभे राहिले. चारीचं दार गावानं बंद केलं होतं, पहिली काठी नारायणनं उचलली, हे त्यांनी सांगितलं. आणि हात माझ्या नवऱ्यानं मोडला, हेही सांगितलं. माझ्या नवऱ्याला शिक्षा झाली. भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, ओसरीत मधोमध भिंत घातली. तांड्यावर त्यांचं नाव काढलं तरी लोक थुंकायचे. पुढच्या हंगामात ते कुकर घेऊन माझ्या दारात आले तेव्हा मी विचारलं, "हेच करायचं होतं तर तवा आमची हळद काहून शिजवली?"

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. मग म्हणाले, "ती बी खरी गरज व्हती, बाई. अन् हे बी खरंच व्हतं. दोन्हीतलं एक मला सोडता आलं न्हाई."

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी घरून बाटली आणली होती... विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक असावं. हळद मात्र नेहमीसारखीच शिजवून दिली. नवरा सुटून आला, तो अण्णांशी कधी बोलला नाही. पण गट सोडायचा विषयही त्यानं काढला नाही. मी हळूहळू ठराव लिहायला पुन्हा जाऊ लागले. आम्ही कामापुरतं बोलायचो. त्यांच्यासारखा माणूस शेजारी असणं किती अवघड आणि किती आधाराचं, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात कुकरच्या यंदाच्या पाळ्या लावायला गट बसला. गटाच्या खोलीतल्या फळ्यावर मागच्या हंगामाची अण्णांच्या हातची यादी अजून होती. नाव आणि पुढे हळद काढल्याची तारीख. गाव, तांडा असं कुठंच लिहिलेलं नाही. ती पुसायला कुणी उठेना. नारायणभाऊ दाराशी बसले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले होते. तेच बोलले. माझ्या नवऱ्याकडे न बघता, पण त्यालाच त्यांनी विचारलं, "तुमची हळद कवा काढून राहिले?"

नवऱ्यानं तारीख सांगितली. मी खडू घेतला आणि अण्णांच्या अक्षराखाली उरलेल्या जागेत ती लिहिली.