सासऱ्यांची जर्मन बंदूक

अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात. जावयाने फक्त जेवायचं असतं आणि मिळेल तो मान घ्यायचा असतो. मला मात्र सासऱ्यांनी बोलावलं ते बंदूक तपासायला. धोंडे आपले निमित्ताला होते.

नांदेडला आमचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांच्या हाताखाली मी ते काम शिकलो होतो. सासुरवाडी शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीला घरातलं किडूकमिडूक बघून घ्यायची हौस आली होती. गावोगाव निरोप गेला की जुनी हत्यारं दाखवा. चालती असतील तर जमा करा, निकामी असतील तर कारागिराचा दाखला आणा आणि खुशाल घरात ठेवा.

त्या साली पावसाने दडी मारली होती. बायकोला घेऊन दारात पोचलो तेव्हा पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी मिळालं, तेही लिंबोणीच्या आळ्यात उभं राहून. जावयाच्या पायाने निदान लिंबोणी तरी जगावी, असा हिशोब.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. उंचपुरा गडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज चावडीपर्यंत जाणारा. त्यांची एक गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होती. मी ती पहिल्यांदा माझ्याच लग्नाच्या पंगतीत ऐकली. निजामाच्या रझाकारांची टोळी गावावर आली, तेव्हा मामांचे वडील एकटे माळवदाच्या सपाट छपरावर चढले आणि त्यांनी या बंदुकीचे तीन बार काढले. धाड, धाड, धाड! टोळी आल्या पावली परत गेली. दर दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली की मामा ही गोष्ट सांगायचे आणि ऐकणाऱ्याने पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करायचं.

बंदूक देवघरातून बाहेर आली. तिच्यावर हळदीकुंकवाचे इतके थर चढले होते की लोखंड कुठलं आणि लाकूड कुठलं, कळेना. मी फडकं उचललं तर सासूबाई मध्ये आल्या. "देवाचं कुंकू पुसता व्हय?" शेवटी त्यांनीच ती मांडीवर घेतली आणि बाळाला तेल लावावं तशी, खोबरेलाच्या बोळ्याने हळूहळू पुसली.

गावात तिला निजामाची बंदूक म्हणायचे. पण तेलाखालून नळीवरचा मुकुट वर आला, कडेला जाड वळणदार परदेशी अक्षरं आणि ७१ हा आकडा दिसला, आणि माझा हात थांबला. अशी एक वडिलांनी मला दाखवली होती. जर्मन घोडेस्वारांची, १८७१च्या नमुन्याची कार्बाईन. घोड्यावर अडचण नको म्हणून आखूड. खटक्याची, म्हणजे काडतूस भरायला मागे ओढायच्या दांड्याची, मूठ खोगिराला अडकू नये म्हणून खाली वळवलेली. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत, आणि संगीन लावायला जागाच नाही. कुठल्या जहागीरदाराच्या पागेतून ती या गावात उतरली, देव जाणे.

मामा हरखले. "ऐकलं का गं? आपली जर्मन हाय, जर्मन!"

माझं लक्ष मात्र खटक्याकडे होतं. ही बंदूक एकबारी. एक काडतूस झाडलं की खटका ओढून दुसरं हाताने भरायचं, म्हणजे लागोपाठ धाड धाड होणं अवघडच. आणि खटका उघडला तर आतली, काडतुसावर आपटणारी पिन गायब. काडतुसाच्या जागी शिसं ओतलेलं, त्यावर जुना काळा थर. बंदूक भंगारात काढताना जहागीरदाराच्याच माणसांनी ती मारून टाकली असणार.

खरं लिहावं तर बंदूक घरात राहत होती, पण मामांची गोष्ट जात होती. खोटं लिहावं तर गोष्ट राहत होती आणि बंदूक कचेरीच्या कोठडीत जात होती. इकडे आड तिकडे विहीर, आणि त्या साली दोन्ही कोरडे.

"मामा," मी म्हणालो, "ही फुटत नाही. तुमच्या घरी आल्यापासून कधीच फुटली नसणार."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की पोटातले धोंडे जड झाले.

मामांनी नळीवरच्या मुकुटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चालती हाय म्हणून लिहा."

"घेऊन जातील, मामा."

"नेऊ द्या. बापाला दिलेला शबूद हाय माझा."

कसला शब्द, ते कुणालाच कळेना. सासूबाईंनी बंदूक मांडीवरून खाली ठेवली नाही. "न्या म्हणं," त्या म्हणाल्या. "मंग दसऱ्याला कुंकू काय तुमच्या गोष्टीला लावू?"

मामा उठले. स्वयंपाकघरातून मुसळ घेतलं, घासलेटचा रिकामा डबा घेतला आणि बळदाच्या तोंडातून आत उतरले. बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, माणूस उभा मावेल एवढं. चांगल्या साली ते ज्वारीने गच्च असायचं. त्या साली तळ झाडून ठेवला होता. मामांचं डोकं फिरलं की काय, असं मला वाटलं.

आणि आतून आवाज आला. धाड! धाड! धाड!

फळीवरची भांडी हादरली. शेजारपाजारचे दारात आले. बंदुकांच्या दुकानात वाढलेला मी, चक्क खाली वाकलो.

मामा बाहेर आले ते डोक्यावर भुसा घेऊन. खाली बसले आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला.

"मी धा वर्साचा होतो. निजामाच्या लेव्हीत समदी ज्वारी गेलती, बळद असंच रिकामं होतं. बाप वर निसती बंदूक धरून हुबा. त्यानं पाय आपटला की खाली बळदात मी डब्यावर मुसळाचा दणका द्यायचो. टोळी गेली तवा बाप म्हणला, कुणाला सांगू नको, कळलं तर परत येतील. मंग न्हाई सांगितलं."

"मला बी न्हाई?" सासूबाई म्हणाल्या.

"तुला सांगितलं असतं तर दवंडीवाल्याला काय काम उरलं असतं?"

मी हसायला गेलो आणि माझे डोळेच भरून आले. इतकी वर्षं हा माणूस बापाची फुशारकी मारतोय असं आम्ही समजत होतो, आणि तो स्वतःला गोष्टीतून वगळत होता.

"लिहा, जावईबापू," मामा म्हणाले. "फुटत न्हाई म्हणून लिहा. आता कोन येतंय परत?"

मी दाखला लिहिला. कचेरीने तो मानला आणि बंदूक देवघरात परत गेली.

त्या दसऱ्याला आम्ही दोघं मुद्दाम गेलो. सासूबाईंनी पाटावर बंदूक मांडली, मग आत जाऊन मुसळ आणलं आणि तिच्या शेजारी ठेवलं. कुंकवाचं बोट त्यांनी आधी मुसळाला लावलं.