खांबाला ठोकलेलं पोतं
१९६१ चा माघ. घरात आई, क्षयानं अंथरुणाला लागलेली मोठी बहीण, मी आणि बहिणीची लाडकी मांजर. मांजर रोज तिची गादी ओरबाडायची; कापूस उडून बहिणीला खोकल्याची ढास लागायची. शेवटी आई पोतं घेऊन आली. "दारव्ह्याच्या बाजारात सोडून येतो हिले." बहीण हसली, "राहू दे ना माय! गादी तं माझ्या मागं जाळसानच." आई पोतं धरून तशीच उभी राहिली. मी तिच्या हातातून ते घेतलं आणि खाटेजवळच्या खांबाला खिळ्यांनी ठोकलं. मांजर गादी सोडून त्याच्यावर नखं घासू लागली. होळीआधी बहीण गेली. गादी जाळली. आज धान्याच्या नव्या पोत्याचा वास आला आणि खांबाकडे पाहिलं. चिंध्या तशाच आहेत. खिळे उपटायचे राहिलेत.