नानांना नको असलेली किडनी

‘‘मॅडम, लिहून घ्या. माले तिनी किडनी नको.’’

नाना डायलिसिसच्या बेडवर आडवे होते. एका हातात सुया, दुसरा हात माझ्याकडे रोखलेला. ‘तिनी’ म्हणजे त्यांच्या पत्नीची. अक्का बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावाहून दोघं आठवड्यातून तीनदा एसटीने धुळ्याला यायची.

‘‘का नको?’’ मी विचारलं.

‘‘आयुष्यभर ऐकवेल. भाजीत मीठ कमी म्हटलं तरी म्हणेल, माझी किडनी वापरता आणि वर तोंड करून बोलता?’’

शेजारच्या बेडवरचा पेशंट हसला, सिस्टर हसल्या, मीही हसले. दोघांचा रक्तगट एक होता. अक्कांच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या, पण रिपोर्ट पाहून मलाच त्यांचा हेवा वाटला. पुण्यातला मुलगा मुकेश किडनी द्यायला तयार होता. त्याची मुलं लहान आहेत, म्हणून त्याला मात्र दोघांनी एका सुरात गप्प केलं. नवरा-बायकोचं तेवढ्यावरच एकमत होतं.

मी नानांना समजावलं. यंत्र रक्त गाळतं, पण किडनीची सगळी कामं करत नाही, वगैरे. कागदावर चित्र काढून दाखवलं. नानांनी ते लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चित्र छान शे.’’

दोन महिने असेच गेले. मग त्यांचा फिश्चुला बंद पडला. फिश्चुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला जोडून तयार केलेली जाड शीर. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. दुसऱ्या हातात केलेला चालला नाही. शेवटी मानेत नळी घालावी लागली. तिथे इन्फेक्शन झालं आणि नाना थंडी-तापाने कुडकुडत ॲडमिट झाले. ताप उतरला, पण आता वेळ फार नाही हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

अक्का औषधं आणायला गेल्या तेव्हा मी स्टूल ओढून बसले. ‘‘नाना, मिठाचं राहू द्या. खरं सांगा.’’



‘‘मुकेश झाला तेव्हा तिला खूप रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करतो, जिवाची खात्री नाही, सही करा. मी केली. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. मी बाहेर बसून होतो. डोक्यात एकच, सही आपण केली. तिच्यासाठी परत सही करणार नाही.’’

आता हसायला कोणी नव्हतं.

‘‘नाना, या वेळी तुमची सही लागत नाही. देणारा माणूस स्वतःची संमती स्वतः देतो. नवऱ्याने नाही.’’

‘‘कायदा असा शे?’’

‘‘असाच आहे.’’

‘‘मंग मी दोन महिने कशाले भांडत ऱ्हायनू?’’

‘‘ती किडनी घ्यायची की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. आणि ऑपरेशन म्हटलं की अक्कांनाही धोका आहे. थोडा आहे, पण नाही असं मी म्हणणार नाही.’’

तेवढ्यात अक्का आल्या. नानांनी सरळ विचारलं, ‘‘तुले भीती नाही वाटत?’’

अक्का पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, ‘‘वाटस ना. पन तुमले आठे या खाटवर पाहीसन जास्ती वाटस. आणि ऐकवायचं म्हणाल, तर ते मी किडनी न देताही करतेच.’’

 नाना माझ्याकडे वळले, ‘‘ऑपरेशनला नाशिकला कधी जायचं?’’

नाशिकला ऑपरेशनआधी समितीपुढे मुलाखत होते. कोणी दबाव तर टाकला नाही ना, हे देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात. अक्कांनी तिथे सांगितलं, ‘‘टाकला. मी यांच्यावर.’’ समितीला पुढचे प्रश्न विचारायला जरा वेळ लागला, असं अक्कांकडून ऐकून मुकेशने मला फोनवर सांगितलं.

ऑपरेशन झालं. अक्का चौथ्या दिवशी चालू लागल्या. नानांची नवी किडनी आधी सुस्त होती, आठवडाभर तिने आम्हा सगळ्यांना टांगून ठेवलं. मग कामाला लागली. आता नाना माझ्याकडे फक्त तपासणीला येतात. अक्कांना ते पाण्याची कळशी उचलू देत नाहीत. ऑपरेशनची जखम केव्हाच भरून आली, तरीही नाही. अक्का माझ्याकडे त्याची तक्रार करतात. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

मी मात्र एक शिकले. पेशंट नकार देताना विनोद करू लागला की मी हसून घेते. मग नातेवाईक चहाला गेले की स्टूल ओढते आणि पुन्हा विचारते.