मायाबाईंच्या नावावरचं ऑपरेशन

छत्तीसगढात, तेलीबांधा तलावाजवळ कुटुंबनियोजनाच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं आणि माहिती सांगायला देवीदास मेश्रामांना बोलावणं आलं, तेव्हा गडी हरखून गेला. आरोग्य खात्याच्या प्रचारगाडीत बसून, लाउडस्पीकरवरून गावोगाव ओरडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर ऐकायला घरात फक्त पत्नी मायाबाई उरल्या होत्या आणि त्या ऐकत नव्हत्या. आता दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तांबी, निरोध आणि लाल त्रिकोणाच्या जुन्या पाट्यांपुढे उभे राहत. हिंदीत, छत्तीसगढीत, मराठी माणूस दिसला तर मराठीत, समोरच्याचा पिच्छा पुरवत.

अडायचं ते एकाच कपाटापाशी, पुरुषांच्या नसबंदीच्या. तिथे पोरं खुदूखुदू हसत, बाप्ये खिशातला मोबाइल काढत पुढे सरकत आणि एरवी जीभ न आवरणारे देवीदासही दोन वाक्यांत उरकत. कारण त्यांची स्वतःची नसबंदी झाली होती आणि ते मायाबाईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. दुसऱ्या मुलीनंतर त्यांनी जेवताजेवता बायकोला विचारलं, आता बस करायचं का, आणि ऑपरेशन मीच करून घेऊ का. मायाबाई हो म्हणाल्या. पण गावोगावच्या पुरुषांना "घाबरू नका, काही होत नाही" असं बजावणाऱ्या या वीराची स्वतःच्या भावकीत मात्र पाचावर धारण बसली. लोक हसतील, बायकोचा गुलाम म्हणतील. शेवटी मायाबाईंनीच तोड काढली: माझं झालं म्हणून सांगू. मग भंडाऱ्याहून सासूबाई धावत आल्या आणि सुनेला खाटेवर झोपवून शिरा भरवू लागल्या. ताजे टाके पडलेले देवीदास नळावरून बादल्या वाहत होते, कारण घरातली बाई ऑपरेशनची. वजन उचलू नका, हे त्यांनीच लाउडस्पीकरवरून सांगून सांगून घसा बसवून घेतला होता. मायाबाईंनी शिरा काही नाकारला नाही.

ते खोटं घरात छान मुरलं. मग एका रविवारी विहारातल्या महिला मंडळाच्या बायका संग्रहालय बघायला आल्या, त्यांत मायाबाईही होत्या. संग्रहालय सांभाळणाऱ्या अपर्णा मॅडमना बायकांचे अनुभव रेकॉर्ड करून कायमचे जपून ठेवायचे होते. शेजारच्या शांताबाईंनी लगेच मायाबाईंना पुढे ढकललं. हिचं झालं आहे, हिलाच विचारा.

मायाबाई पदर सावरून शांतपणे सांगू लागल्या. टाके कसे ओढले जात, उठवत कसं नसे, कंबर कशी अजून दुखते. देवीदासांचे कान तापले. भावकीत खपलेलं खोटं आता कपाटात जाऊन बसणार होतं, आणि पुढची पोरं तेच खरं मानणार होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "आपरेशन हिचं नाही, माह्यं झालं होतं."

सगळ्या मायाबाईंकडे बघू लागल्या. मग शांताबाईंनी विचारलं, "मंग हिची कंबर काहून दुखते?"

हशा पिकला. मॅडमनी माइक देवीदासांकडे वळवला आणि ते त्या कपाटापुढे उभे राहून असे काही बोलले, की पुढे गेलेले बाप्ये मागे आले. इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मायाबाई कोपऱ्यातल्या बाकावर एकट्या बसून होत्या.

परत येताना स्कूटरवर त्या तोंड फिरवून बसल्या. तलावाकाठी देवीदासांनी गाडी थांबवली. खरं तेच तर सांगितलं, यात रागवण्यासारखं काय आहे, असं ते म्हणाले.

"खरं सांगतलं, चांगलंच केलं," मायाबाई म्हणाल्या. "पण आपरेशन कराच्या आंधी मले विचारलं होतं तुमी. आज काहून नाही विचारलं?"

ते खोटं सांभाळायचं काम एवढी वर्षं हिनं केलं होतं, आणि आपण चारचौघांत तिलाच खोटी पाडून मोकळे झालो, हे देवीदासांना तेव्हा कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. चुकलं, असं ते हळूच म्हणाले.

"येत्या इतवारी मी येतो," मायाबाई स्कूटरवर नीट बसत म्हणाल्या. "खोटं कसं सांभाळलं, ते माह्यं मीच सांगीन. तुमी बाजूले चूप उभे राहजा."

"हव," देवीदास म्हणाले.