वेशीबाहेरचं मतदान

आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर जायचा आणि तीन दिवस माळावर माडाच्या झापांच्या राहुट्यांत राहायचा. मागे गावात कुणी थांबायचं नाही, चूल पेटवायची नाही. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या गावपळणीला मी इतकी हरखले होते की विचारू नका. चूल पेटवायची नाही! पण गावात राहते ती चूल, रांधणारी थोडीच मागे राहते? तीन दगड मांडले की झालं.

संयुक्त महाराष्ट्राची हवा तापत होती तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे शाळामास्तर आणि कडवे समाजवादी. कौलावर त्यांचा विश्वास नव्हता. "हा एक सामाजिक प्रयोग आहे," असं म्हणत ते आले होते आणि प्रयोग बघायला मालवणातून दोन मित्रही बोलावले होते. माळावर चटई टाकून तिघे बसले ते बसलेच. इथे कूळ नाही, मालक नाही, कुंपण नाही, राज्यसंस्थेवाचून माणसं कशी सुखाने राहतात बघा, असं चाललेलं. या सुखाला घडोघडी चहा लागत होता. ओली लाकडं फुंकून माझे डोळे लाल झाले, ते बघून एका मित्राने विचारलं, "वहिनी, क्रांतीबद्दल तुमचं काय मत?" मी म्हटलं, "कुळथाची पिठी आंबट झाली असेल तर सांगा."

माझा जीव अडकला होता मागच्या सड्यावर, त्या उंच कातळपठारावर. वर चढलं की खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसते, असं ऐकून होते. पावसाळ्यात समुद्राची गाज घरात यायची, पण ती जागा पाहिली नव्हती. घरी सकाळची पेज, दुपारचा भात, संध्याकाळची वाटपं, यातून सडा चढणार कधी? आता हे तीन दिवस गेले की पुढचा कौल कधी, ते देवालाच ठाऊक.

दोन दिवस धुरातच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारची भांडी घासली आणि ह्यांना सांगितलं, "आज रातचा जेवाण तुमी करा. कालवणाक तिसऱ्ये धुवन ठेवलंय. मी सड्यार जावन येतंय."

मग ह्यांना युक्ती सुचली. "आपण लोकशाही मानतो. मत घेऊ या. हिनेच रांधावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." ह्यांचा हात गेला. मित्रांचे गेले; क्रांतीवाल्याने मान खाली घातली, पण हात वर केलाच. बाजूला सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही केला.

"ठराव मंजूर," हे म्हणाले आणि हसले. वर हसले!

माझं टाळकंच सणकलं. हातातला डवला, करवंटीची ती पळी, मी चटईवर ठेवला. "ठराव तुमचो, भातय तुमीच करा," म्हटलं आणि चालू लागले.

अर्धी चढण झाली तोच मागे पाचोळा वाजला. बघते तर सासूबाई, काष्टा खोचून, धापा टाकत येताहेत.

"तुमी तर हात वर केलास!" मी फणकारले.

"हात वर केलंय म्हणान पाय मोडले काय माजे? चल."

वर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. समोर खाडी वळसा घेऊन समुद्रात शिरत होती, मध्ये फेसाची पांढरी रेघ. माझे सासरे गलबतावर खलाशांचे म्होरके, तांडेल होते. दर हंगामात ते याच मुखातून बाहेर पडायचे. सासूबाई उंबरठ्यातून निरोप द्यायच्या आणि आत वळायच्या, कारण चुलीवर काहीतरी असायचंच. एका हंगामात गेले ते सासरे परतलेच नाहीत.

सासूबाईंनी त्या रेघेकडे बोट केलं. मग त्यांनी विचारलं, "हयसून जायत ते?"

"होय."

"इतक्या जवळ होता गो ह्या?"

हो म्हणायला माझी जीभ रेटेना. इतका राग आला होता मला त्या चुलीचा.