माणिकदादाचं शेवटचं भाषण

दुपारचं जेवण अंगावर आलेलं, छातीवर पुस्तक उपडं पडलेलं. द्वारकाबाईंचा डोळा लागतो न लागतो तोच पलंगाच्या कडेला माणिकदादा येऊन बसतो. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातनाक्यावर, चालून गेला तेव्हा होता तसाच, एकोणीस वर्षांचा. त्याची धाकटी बहीण मात्र आता चौऱ्याऐंशीची.

"केवढी म्हातारी झालीस गं, द्वारके!"

"तू मेलास म्हणून तुझं बरं चाललंय," त्या फणकारतात, आणि लगेच त्यांना रडू येतं.

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावरचं हे पुस्तक सध्या जो तो वाचतोय. आज संध्याकाळी लेखकाचा सत्कार आहे, आणि दादाच्या हौतात्म्याचं पान द्वारकाबाईंनी वाचून दाखवायचं आहे. दादा कसा गेला हे घरात कुणालाच कधी कळलं नाही. निदान पुस्तकातून कळेल म्हणून त्या आसुसल्या होत्या. आणि पुस्तकात काय? छातीत गोळी घुसलेला दादा दीड पान भाषण ठोकतो! चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तो! वाचून त्यांचं मन पार विटलं.

पलंग आता गवताळ टेकाडावर आहे. खाली नाक्याचा कंदील मिणमिणतो, आणि नाक्यासमोर सभागृहातल्या खुर्च्या मांडल्यात.

"खरं काय बोललास रे?"

"काय बोलतो? तोंडात भाकरी व्हती. भ्यालो की मला भूक लागती, ठावं न्हाई का तुला?"

"भ्याला होतास?"

"लई. समदेच भ्याले व्हते गं. तरी गेलो."

खुर्च्यांमधून टाळ्यांचा कडकडाट होतो. दादा दचकून द्वारकाबाईंना बिलगतो. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहतात.

"हे कुणीच लिवलं न्हाई व्हय?" तो विचारतो.

"मी सांगते की."

बेल वाजते. द्वारकाबाई उठून दार उघडतात. त्यांना न्यायला आयोजकांपैकी देऊळगावकर आलेत.

"आजी, पुस्तक घ्या बरं का. पानात खूण घातलीय."

"राहू दे ते पुस्तक. मी वाचणार नाही. माझा भाऊ कसा गेला ते सांगणार आहे."

देऊळगावकर चपापतात. त्यांची नजर द्वारकाबाईंच्या पायांकडे जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरातून त्या महिनाभर खाली उतरलेल्या नाहीत, आणि साडीचा काठ कुसळांनी भरलाय.

"साडी बदलून येता का?"

"कशाला?" द्वारकाबाई चपला पायात सरकवतात. "चला."