सुटलेली मोरी

होडी हाकणाऱ्या त्या तांडेलाचं नाव मी विचारलंच नाही. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती, तरी हॅट घातलेले साहेब मुंबईहून मालवणला हौसेने शार्क मारायला यायचेच. अशाच एका साहेबांचा दुभाषा म्हणून मी, गावचा शाळामास्तर, त्या तांडेलाच्या होडीत बसलो होतो.

दुपारी भली मोठी मोरी, म्हणजे शार्क, गळाला लागली. होडीजवळ ती उलटली तेव्हा तिचं फुगलेलं पोट दिसलं. साहेबांनी गळाची काठी तांडेलाच्या हातात दिली आणि कॅमेरा काढायला पाठ फिरवली. तांडेलाने मांडीखालची सुरी काढून दोरी कापली आणि साहेबांच्या आधी स्वतःच, दोरी तुटली म्हणून, कपाळ बडवत गळा काढला. शेवटी साहेबांनाच त्याची समजूत घालावी लागली.

किनाऱ्यावर मी त्याला एकट्याला गाठलं.

"पोटुशी होती ती, मास्तर," तो विडी पेटवत म्हणाला. "पिलां वाढली काय आमच्याच जाळ्यात गावतली. आणि सायबाचा नुकसान खंय झाला? मारलेली मोरी आसा तितकीच रवता. सुटलेली रोज वाढता."

पुढे काही वर्षांनी साहेब मुंबईत भेटले. पाच हातांची मोरी त्यांच्या तोंडी बारा हातांची झाली होती. मी मान डोलावली. जिवंत सुटलेली मोरी, वाढणारच.